पाहुण्याचा शेवटचा दिवस: नदी, कासं आणि कांदा

चाकणच्या एखाद्या कारखान्यात नवी मशीन लाइन बसवायला आलेला परदेशी इंजिनिअर कसा राहतो, हे या पट्ट्यातल्या माणसांना सांगायला नको. हॉटेल ते प्लांट, प्लांट ते हॉटेल. भारत म्हणून त्याला दिसतो तो गाडीच्या काचेतून: पुणे-नाशिक महामार्ग, कंटेनरच्या रांगा, तळेगाव चौकातली कोंडी. मग एक दिवस लाइन चालू होते, कागदांवर सह्या होतात. विमान रात्रीचं असतं आणि हातात एक मोकळा शनिवार उरतो. तो विचारतो, ‘इथं पाहण्यासारखं काय आहे?’

यजमान बहुधा गाडी पुण्याकडे घेतात. शनिवारवाडा होतो, एखादा मॉल होतो, संध्याकाळी विमानतळ. पण तीच गाडी उलट दिशेला, राजगुरुनगरच्या बाजूला वळवली तर? खेड तालुक्याच्या बाहेर पाऊल न टाकता त्या माणसाला अशा काही गोष्टी दिसतील की परत जाताना विमानात त्याला झोप लागणार नाही.

परदेशातल्या शेवटच्या दिवशी माणूस देवळात आणि बाजारात जातो, हे जगभर सारखंच आहे. टोकियोला गेलेला आपला माणूस असाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात जातो आणि मंदिराकडे नेणाऱ्या नाकामिसे गल्लीत घरच्यांसाठी वस्तू घेतो. क्योतोच्या तोजी मंदिराच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला बाजार भरतो. जर्मनीत न्यूरेम्बर्गचा प्रसिद्ध नाताळबाजार चर्चच्या दारातल्या चौकात मांडला जातो. देऊळ आणि बाजार इतक्या ठिकाणी शेजारी शेजारी का सापडतात? व्यापाऱ्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी गर्दी हवी असते आणि ती जमवायची ताकद तिथीत असते. यात्रेकरूला पाणी, सावली, पीठ-मीठ हवं असतं आणि ते बाजार पुरवतो. शिवाय देवाच्या दारात खोटं माप घालायला हात कचरतो. गरज दोन्हीकडून असल्यामुळे सोबत टिकली.

खेड तालुक्यात ही सोबत तीन गोष्टींत पाहता येते: एक नदी, एक धातू आणि एक कंद.

पहाट: भीमाशंकर

राजगुरुनगर भीमेच्या काठावर आहे. पहाटे पाचला निघून चास, वाडा करत नदीच्या उलट दिशेनं वर गेलं, तर चासकमान धरणाचं पाणी बराच वेळ सोबतीला राहतं. पुढे चढ लागतो, झाडी दाट होते आणि सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकर येतं. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आणि भीमेचा उगम.

नकाशा पाहिलेल्या परदेशी माणसाला इथंच पहिला धक्का बसायला हवा. या जागेपासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही दूर नाही. तरी इथं पडलेलं पाणी त्याच्याकडे पाठ फिरवतं. भीमा पूर्वेला निघते, पंढरपूरला चंद्रभागा म्हणवून घेते, ८६१ किलोमीटर वाहून कर्नाटकात कृष्णेला मिळते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात जाते. कारण सह्याद्रीची रचना. पश्चिमेला तो कड्यासारखा तुटलेला आहे आणि पूर्वेला दख्खनचं पठार हलकेच उतरत जातं. कड्याच्या काठाला पडलेला थेंब एक पाऊल अलीकडे पडला तर पूर्वेच्या समुद्राचा आणि एक पाऊल पलीकडे पडला तर पश्चिमेच्या समुद्राचा.

हाच कडा पावसाचीही वाटणी करतो. समुद्रावरून आलेले ढग वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावरच रिकामे होतात. म्हणून भीमाशंकरला पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही. त्याच ढगांतून राजगुरुनगरला पोचतो तो पावसाचा लहानसा वाटा. दोन तासांच्या रस्त्यात सदाहरित जंगल संपून माळरान लागतं ते यामुळे. ही गोष्ट लक्षात ठेवायची आहे, कारण दुपारी चाकणच्या बाजारात ती पुन्हा भेटणार आहे.

जंगलात नशीब असेल तर शेकरू दिसतं. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेली ही मोठी खार तांबूस अंगाची आणि झुपकेदार शेपटीची असते. एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेताना ती उडाल्याचाच भास होतो. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं ते या जंगलासाठी आणि त्यातल्या शेकरूंसाठी. पावसाळ्यातल्या काही रात्री इथल्या कुजत्या लाकडावर हिरवट उजेड फुटतो. लाकडावर वाढणाऱ्या बुरशीतल्या एका रसायनाचा प्राणवायूशी संयोग होतो आणि त्यातून उष्णता जवळजवळ न निघता प्रकाश निघतो. काजव्याचीही किमया अशीच, फक्त रसायन वेगळं.

घंटा कुणाची?

पण युरोपातून आलेला पाहुणा सगळ्यात जास्त वेळ थांबेल तो देवळाच्या आवारातल्या एका मोठ्या घंटेपाशी. तिचा आकार त्याला ओळखीचा वाटेल. वाटणारच, कारण ती चर्चची घंटा आहे.

चिमाजी आप्पांच्या फौजेनं दीर्घ मोहिमेनंतर मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली. वसईच्या किल्ल्यात आणि आसपास चर्च होती, चर्चमध्ये घंटा होत्या. विजयाची खूण म्हणून त्या घाटावर आणल्या गेल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांतलीच, वाईजवळच्या मेणवलीची त्यांतलीच आणि भीमाशंकरचीही त्यांतलीच. गेली पावणेतीनशे वर्षं ती शंकराच्या दारात आहे, अंगावरच्या ख्रिस्ती खुणांसकट. त्या पुसाव्यात असं कुणाला वाटलं नाही. पोर्तुगीज ओतारीनं ज्या नादासाठी ती घडवली तो नाद देवाला चालण्यासारखा होता.

आणि तो नाद आपल्या लोकांना परका वाटण्याचं कारणही नव्हतं. युरोपात घंटेसाठी जो मिश्रधातू वापरतात त्यात शंभरातले सुमारे अठ्ठ्याहत्तर भाग तांबं आणि बावीस भाग कथील असतं. आपल्याकडे कासं करतात त्याचंही प्रमाण जवळजवळ हेच. हजारो मैल दूर बसलेल्या दोन कारागीर परंपरा एकाच आकड्यापाशी येऊन थांबल्या, कारण धातूच तसा आहे. तांबं एकटं मऊ असतं, ठोकलं की दबतं, आवाज गिळतं. त्यात कथील वाढवत गेलं की ते कडक होतं आणि एकदा आघात झाला की आतल्या आत फार थोडी शक्ती हरवतं. म्हणून कंप लांबत जातो. कथील फार झालं तर मात्र भांडं काचेसारखं तडकतं. नाद आणि तडा यांच्यामधली जी अरुंद वाट आहे, ती दोघांनाही अनुभवानं सापडली. पाय चोळायची घरातली काशाची वाटी एकदा बोटावर तोलून तिला टिचकी मारून पाहा. भीमाशंकरच्या घंटेचं गोत्र ऐकू येईल.

कथील आपल्याकडे फारसं सापडत नाही, ही यातली दुसरी गंमत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक बोलणाऱ्या दर्यावर्दीनं लिहिलेलं ‘पेरिप्लस’ नावाचं व्यापारी मार्गदर्शक आहे. त्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे आणि त्या यादीत तांबं, कथील, शिसं आहे. कल्याणचं नाव त्यात येतं, पैठणचंही येतं. किनाऱ्यावरून पठारावर माल चढवण्याची एक मोठी वाट म्हणजे नाणेघाट. राजगुरुनगरहून नाशिक रस्त्यानं नारायणगाव, तिथून आत जुन्नर आणि जुन्नरच्या पश्चिमेला हा घाट. तिथल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. वर तोंडाशी एक दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असं सांगतात.

या वाटेनं चढून आलेला परदेशी माणूस जुन्नरच्या बाजारात काय करत होता? त्याचं उत्तर दगडात कोरलेलं आहे. जुन्नरभोवतीच्या बौद्ध लेण्यांत तीन यवन दात्यांचे लेख आहेत. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला परदेशी. इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी खोदवली. चिट नावाच्या यवनानं भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. चंद नावाच्या यवनाचं दान तिसऱ्या एका लेण्यात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या कित्येक खांबांवरही यवन दात्यांची नावं आहेत. परदेशातून यायचं, बाजारात कमवायचं आणि देवळाला काहीतरी देऊन जायचं: चाकणला येणाऱ्या पाहुण्याला इथं दोन हजार वर्षांचे पूर्वज आहेत.

शेजारचे लेख तर बाजाराचा हिशोबच सांगतात. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे संघानं, सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिलं. आणखी एका लेखात दानाची रक्कम बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी करणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवल्याचं नोंदलं आहे. त्यावर दरमहा येणारं उत्पन्न लेण्यासाठी खर्च व्हायचं. थोडक्यात, बाजार ही देवळाची बँक होती आणि तिच्या संचालकांत कासार होते. त्यांच्या मुशीत पडणारं कथील बोटीतून आलं असणार. तेव्हाही आणि १७३९ नंतरही, समुद्रापलीकडून आलेल्या धातूनं इथल्या देवस्थानाला हातभार लावला.

उतरताना: चास आणि राजगुरुनगर

परतीच्या वाटेवर चास. बाजीराव पेशव्यांच्या पत्नी काशीबाई या चासच्या जोशी घराण्यातल्या, म्हणजे हे त्यांचं माहेर. इथल्या सोमेश्वराच्या पेशवेकालीन देवळासमोरची दीपमाळ पाहुण्याला नक्की दाखवावी. दगडाचा उंच, वर निमुळता होत गेलेला खांब आणि त्याला चहूबाजूंनी फुटलेले दगडी हात. त्रिपुरी पौर्णिमेला प्रत्येक हातावर पणती ठेवतात. पाहुणा विचारेल, इतक्या उंच पणत्या लावतात कशा? त्याला म्हणावं, नीट बघ, ते हातच पायऱ्या आहेत. दिवे ठेवण्याची जागा आणि दिवे लावणाऱ्याची शिडी एकाच दगडातून काढली आहे. इंजिनिअर माणसाला यापेक्षा वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही.

राजगुरुनगरात भीमेच्या काठी सिद्धेश्वराचं देऊळ आहे, निजामशाहीच्या काळातला दिलावरखानाचा मकबरा आहे आणि नदीलगत राजगुरू वाडा आहे. शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म इथं २४ ऑगस्ट १९०८ रोजी झाला. २३ मार्च १९३१ रोजी लाहोरला भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासोबत ते फासावर गेले तेव्हा बावीस वर्षांचे होते. गावाचं खेड हे नाव बदलून राजगुरुनगर झालं ते त्यांच्यासाठी. तालुका अजून खेडच आहे. परदेशी पाहुण्याला देवळं पाहताना कुतूहल वाटतं. या वाड्यात तो गप्प होतो, कारण तिथं असलेल्या तारखा त्याच्या आजोबांच्या काळातल्या असतात.

आता एक ठिकाण, जे कुठल्याही सहलीच्या पत्रकात नसतं. राजगुरुनगरात कांदा आणि लसूण संशोधन संचालनालय आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेची ही संस्था १९९४ मध्ये राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, १९९८ मध्ये नाशिकहून राजगुरुनगरला आली. देशभरात पेरल्या जाणाऱ्या तिच्या कांद्याच्या वाणांची नावं वाचा: भीमा सुपर, भीमा राज, भीमा शक्ती, भीमा किरण, भीमा श्वेता, भीमा शुभ्रा. लसणाचा भीमा ओंकार, भीमा पर्पल. पहाटे ज्या नदीचा उगम पाहिला तिचं नाव आता बियाण्याच्या पाकिटावर आलं.

कांद्यात संशोधन करण्यासारखं एवढं काय आहे, असं कुणालाही वाटेल. तर पहिली गोष्ट: माणसाच्या पेशीत जेवढा डीएनए असतो, त्याच्या सुमारे पाचपट कांद्याच्या पेशीत असतो. इतका कशासाठी, याच्यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. दुसरी गोष्ट: कांदा दिवस मोजतो. पातीतून कंद कधी धरायचा हे तो मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरवतो, उष्णतेची त्याला साथ लागते. आपल्याकडच्या वाणांना अकरा-बारा तासांचा दिवस पुरतो. उत्तर युरोपातल्या वाणांना चौदा ते सोळा तासांचा दिवस लागतो. राजगुरुनगरला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. म्हणून जर्मनीतलं बी इथं कितीही प्रेमानं लावलं तरी ते पातच देत राहील, कांदा धरणार नाही. त्याला वाटत राहील की अजून उन्हाळा आलाच नाही. आणि इथलं बी जर्मनीत वसंतात पेरलं तर तिथले लांबलचक दिवस पाहून ते रोप पुरतं वाढायच्या आतच कंद धरेल, सुपारीएवढा. पाहुण्याला सांगा: मशीन सोबत नेता येतं, अक्षांश नेता येत नाही.

दुपार: चाकणचा शनिवार

चाकणचा बाजार शनिवारी भरतो. खेड बाजार समितीच्या या आवारात कांदा आणि बटाटा यांची मोठी उलाढाल असते, त्याच दिवशी जनावरांचाही बाजार. आसपासच्या शेडमध्ये रोबोट गाड्यांच्या पत्र्याला वेल्डिंग करत असतात आणि इथं अजून डोळा, हात आणि आवाज यांवर कारभार चालतो.

कांद्याचा लिलाव उघडा असतो. गोण्या ओळीनं लागतात, आडत्या बोली पुकारतो, व्यापारी घोळक्यानं एका मालाकडून दुसऱ्याकडे सरकत जातात. पाहुण्याला वाटतं गोंधळ आहे. पण व्यापाऱ्याच्या हाताकडे पाहायला सांगा. तो मूठभर कांदे उचलतो आणि काही क्षणांत चार गोष्टी तपासतो. पत्ती सुटली आहे की घट्ट आहे. मान बारीक मिटलेली आहे की जाड, उघडी आहे. जोडकांदा किती, डेंगळे आलेले किती. मान मिटली असेल तर आतली ओल बाहेर पडत नाही आणि बाहेरची बुरशी आत शिरत नाही, तो माल टिकणार. मान जाड असेल तर आठवड्यातच कोंब. मग गोळा, मीडियम, गोल्टी, बदला अशी प्रत ठरते आणि भाव फुटतो. वजन काट्यावर होतं, हमाली, तोलाई वजा होते आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. तीन-चार महिन्यांच्या कष्टाचा निकाल काही मिनिटांत लागतो. कधी तो गाडीभाड्यालाही पुरत नाही, कधी त्यातून नवीन ट्रॅक्टरचा हप्ता निघतो.

सकाळची ढगांची गोष्ट इथं भेटते. कांद्याला मुळाशी पाणी हवं, पण काढणीच्या वेळी हवा कोरडी हवी. पाणी देणारा पाऊस डोंगरावर पडतो, तो धरणात साठतो, नदी-कालव्यानं खाली येतो. हवा मात्र डोंगराच्या आडोशामुळे कोरडी राहते. दोन्ही गोष्टी एकाच जागी मिळणं हे या पट्ट्याचं नशीब. म्हणून इथला उन्हाळी कांदा शेतात सुकवून बराखीत भरता येतो. बराख म्हणजे जमिनीपासून उचललेली, खालून आणि बाजूंनी वारा खेळेल अशी चाळ. वीज नाही, यंत्र नाही, तरी माल चार-पाच महिने राहतो. पावसाळी लाल कांद्याला हे भाग्य नाही. तो ओलसर हवेत पिकतो, त्याची मान नीट मिटत नाही, तो लगेच विकावा लागतो.

पाहुणा जपानी असेल तर त्याच्यासाठी एक खास गोष्ट. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येतं, याचा शेवटचा दुवा एका जपानी कंपनीच्या संशोधकांनी २००२ मध्ये शोधला. कांद्याच्या पेशी कापल्या की एरवी वेगळ्या कप्प्यांत असलेली रसायनं एकत्र येतात. त्यांतून गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि एक खास विकर त्याचं रूपांतर डोळे झोंबवणाऱ्या वायूत करतं. हे विकर त्यांनी पकडलं. या शोधाला २०१३ मध्ये इग नोबेल मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. पुढे त्याच कंपनीनं न रडवणारा कांदा बाजारात आणला. चाकणच्या आडत्याला तो दाखवला तर तो बहुधा विचारेल, याला कांदा कशाला म्हणायचं?

जनावरांच्या बाजारात आवाज कमी असतो. जुन्या पद्धतीच्या व्यवहारात दोन माणसं समोरासमोर उभी राहतात, हातांवर रुमाल किंवा उपरणं टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबतात. किती बोटं पकडली, कशी पकडली, यात आकडा असतो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. हीच रीत पर्शियन आखातातले मोत्यांचे व्यापारी वापरत. लिलाव सगळ्यांना ऐकू जावा म्हणून ओरडून होतो, कारण एका पोत्यासारखंच दुसरं पोतं असतं आणि भाव सगळ्यांचा. बैल मात्र प्रत्येक वेगळा, मोती प्रत्येक वेगळा. तिथं भाव ज्याचा त्याचा.

वेळ उरला तर बाजारापासून जवळच संग्रामदुर्गाचे अवशेष आहेत. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी या भुईकोटात मूठभर माणसांनिशी शाहिस्ताखानाच्या फौजेला सुमारे दोन महिने रोखून धरलं. शेवटी मोगलांनी भुयार खणून बुरूज उडवला. आज तट थोडा उरला आहे आणि गाव त्याच्या अंगावर आलं आहे.

संध्याकाळ: आळंदी

विमानतळाच्या वाटेवरचा शेवटचा मुक्काम आळंदी. हीसुद्धा खेड तालुक्यातच. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून १२९६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी ज्ञानेश्वरांनी इथं इंद्रायणीकाठी समाधी घेतली. पाहुण्याला तत्त्वज्ञान समजावत बसू नये. त्याला एवढंच सांगावं, की एका तरुणानं संस्कृतातला ग्रंथ शेतकऱ्यांच्या बोलीत आणला आणि सातशे वर्षं झाली तरी लाखो माणसं दरवर्षी त्याच्या पादुका घेऊन चालत पंढरपूरला जातात.

इथं नदीची गोष्ट पुरी होते. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि भीमा पंढरपूरला जाते. म्हणजे आळंदीच्या घाटावरचं पाणीही पंढरीलाच निघालेलं असतं, उजनीच्या धरणात मुक्काम करत. ज्येष्ठ वद्य अष्टमीला पालखी हलते आणि वेगळ्या वाटेनं, दिवेघाट चढून, तिथंच पोचते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या सोहळ्याला आजची शिस्त लावून देणाऱ्या हैबतबाबांची पायरी महाद्वारात आहे. तिच्यावर माथा टेकून लोक आत जातात.

महाद्वाराबाहेरचा बाजार म्हणजे वारकऱ्याच्या गरजांची यादी. तुळशीच्या वाळलेल्या काड्यांच्या मण्यांची माळ, बुक्का, गोपीचंदन, अष्टगंध, वीणा, पखवाज, हरिपाठाच्या पुस्तिका, पेढे, लाह्या-बत्तासे. आणि टाळ. चांगला टाळ काशाचा. दुकानदार घेणाऱ्याला तो आधी वाजवून दाखवतो आणि नाद विरेपर्यंत थांबतो, कारण माल पारखायची तीच रीत आहे. सकाळी भीमाशंकरला ऐकलेला धातू संध्याकाळी तळहातात मावतो. परदेशी पाहुण्याला आठवण म्हणून द्यायला याहून चांगली वस्तू या पट्ट्यात मिळणार नाही. त्याच्या गावातल्या चर्चची घंटा आणि हा टाळ सख्ख्या धातूचे आहेत, हे त्याला आता ठाऊक असतं.

उरला कांदा. देऊळ आणि बाजार यांचं सगळंच गोडीगुलाबीनं चालतं असं नाही. गळ्यात माळ घातलेल्या घरांत मांसाहार वर्ज्य आणि कित्येक जण कांदा-लसूणही टाळतात. चातुर्मासात तर माळ नसलेल्या घरांतही कांदा बंद होतो. पण बंद व्हायच्या आधी आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, भजी, थालीपीठ, झुणका करून तो पोटभर खाल्ला जातो. आषाढी एकादशीला तेव्हा दोनच दिवस राहिलेले असतात. देवळाच्या पंचांगानं बाजाराच्या मालाला एक सणच देऊन टाकला. आणि वारकरी संतांतच सावता माळी आहेत, ज्यांनी पंढरीला न जाता भाजीच्या मळ्यात विठ्ठल पाहिला. मळा, बाजार आणि देऊळ यांच्यात त्यांना भिंत दिसली नाही. जुन्नरच्या धान्य व्यापाऱ्यांनाही ती दिसली नव्हती.

चाकणला परदेशी पाहुणे येतच राहणार आहेत. पुढचा पाहुणा शेवटच्या दिवशी काय पाहू म्हणाला, तर त्याला मॉलमध्ये नेऊ नका, तसा मॉल त्याच्या गावी आहे. आणि पाहुणा येईपर्यंत थांबायचंही कारण नाही. या पट्ट्यात आयुष्य घालवूनही भीमेचा उगम, चाकणचा लिलाव आणि आळंदीचं महाद्वार एका दिवसात पाहिलेलं नाही, अशी माणसं आपल्यातच पुष्कळ निघतील. येत्या शनिवारी पहाटे पाचला राजगुरुनगरहून निघा. पावसाळा असेल तर छत्री घ्या, आणि कुठलाही महिना असला तरी परतताना आळंदीहून एक काशाचा टाळ घ्या, वाजवून पाहून.